निखळणारा खांदा आणि शस्त्रक्रिया: टाक्यांवर भागते कधी, हाड बसवावे लागते कधी?

नऊवेळा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

गेल्या सहा वर्षांत माझा उजवा खांदा नऊ वेळा निखळला. पहिल्यांदा वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, व्हॉलीबॉल खेळताना स्मॅश मारायला हात मागे नेला आणि तो तिथेच अडकला. तेव्हा सांधा बसवण्यासाठी झोपेचे इंजेक्शन द्यावे लागले होते. नववी खेप गेल्या महिन्यातली, झोपेत कूस बदलतानाची. मधल्या काळात एकदा डोक्यावरून स्वेटर काढताना, एकदा मागच्या आसनावरची पिशवी ओढून घेताना असे चालूच होते. आता मी पलंगाच्या कडेला पालथा पडून हात खाली लोंबता सोडतो आणि काही मिनिटांत तो आपोआप आत सरकतो. घरच्यांना यात सुधारणा दिसते, कारण पूर्वी दवाखाना गाठावा लागे आणि आता घरच्या घरी निभते. मला मात्र नेमकी याचीच भीती वाटते. जे इतक्या सहज आत जाते, ते तितक्याच सहज बाहेरही येणार.

दोन अस्थिशल्यविशारदांना दाखवले. पहिल्यांनी माझा जुना एमआरआय पाहून दुर्बिणीतून टाके घालू असे सांगितले. दुसऱ्यांनी तोच एमआरआय बाजूला ठेवला, नव्याने सीटी स्कॅन करायला सांगितला आणि बहुधा लॅटार्जे नावाची शस्त्रक्रिया करावी लागेल, म्हणजे खांद्याच्याच एका हाडाचा तुकडा कापून खोबणीच्या कडेला स्क्रूने बसवावा लागेल, असे म्हणाले. दोघेही अनुभवी आहेत आणि दोघांचेही बोलणे ऐकताना पटले. एकाच खांद्याबद्दल इतकी वेगळी मते कशी असू शकतात, हे इथल्या जाणकारांकडून समजून घ्यायचे आहे.

सांधेजोड

मी अस्थिशल्यविशारद आहे. तुम्हाला तपासलेले नसल्यामुळे तुमच्या खांद्यावर निकाल देणार नाही, पण मते वेगळी का पडतात ते सांगता येईल.

शाळेच्या पुस्तकात खुबा आणि खांदा हे दोन्ही उखळीचे सांधे म्हणून शिकवले जातात. खुबा खरोखरच उखळीसारखा आहे. मांडीच्या हाडाचा गोळा त्यात खोल बसलेला असतो. खांद्याचे मात्र नाव तेवढे उखळीचे. दंडाच्या हाडाचा मोठा गोळा फऱ्याच्या हाडावरच्या एका उथळ खोबणीला टेकलेला असतो आणि कोणत्याही क्षणी त्या गोळ्याचा फार तर पाव ते एक तृतीयांश भागच खोबणीच्या संपर्कात असतो. बशीवर चेंडू ठेवावा, तेही बशी उभी धरून, असा हा प्रकार आहे. म्हणूनच हात चहूकडे फिरतो आणि म्हणूनच शरीरातल्या मोठ्या सांध्यांपैकी हाच सर्वाधिक निखळतो. दहापैकी नऊहून अधिक वेळा तो पुढच्या बाजूला निखळतो.

बशीच्या कडेला चिवट कुर्चेचा एक काठ असतो, त्याला लॅब्रम म्हणतात. त्यामुळे खोबण खोल होते आणि सांध्याचे आवरण व अस्थिबंध त्यालाच चिकटलेले असतात. खांदा जोराने पुढे निखळतो तेव्हा खोबणीच्या पुढच्या-खालच्या कडेवरून हा काठ उपटला जातो. ब्रिटिश शल्यविशारद ब्लंडेल बँकार्ट यांनी १९२३ आणि १९३८ साली या इजेबद्दल लिहिले आणि वारंवार निखळण्याचे मूळ तिथे आहे असे आग्रहाने मांडले, म्हणून ती इजा आणि ती दुरुस्त करणारी शस्त्रक्रिया दोन्ही त्यांच्याच नावाने ओळखल्या जातात. जर्मनीत पेर्थेस यांनी हेच १९०६ मध्ये सांगितले होते, पण नाव चिकटले ते बँकार्ट यांचे.

आता तुमच्या प्रश्नाचा गाभा. काठ उपटला असेल तर तो टाक्यांनी परत बसवता येतो. परंतु दर वेळी निखळताना दंडाचा कठीण गोळा बशीच्या हाडाच्या कडेवरून घसटत जातो आणि ती कड थोडी थोडी झिजते किंवा तिचा टवका उडतो. त्याच वेळी गोळ्याच्या मागच्या बाजूवर, जिथे तो खोबणीच्या कडेवर आदळतो तिथे, खोक पडते. हिल आणि सॅक्स या दोन क्ष-किरणतज्ज्ञांनी १९४० मध्ये तिचे वर्णन केले. कड शाबूत असेल तर टाके टिकतात. कडच उरली नसेल, तर आपण पडलेल्या भिंतीवर पडदा ठोकत असतो. एकाने काठाकडे पाहिले आणि दुसऱ्याने हाडाकडे, एवढाच बहुधा तुमच्या दोन डॉक्टरांमधला फरक आहे.

विनाकारण

माफ करा, पण प्रत्येक निखळलेल्या खांद्याला शस्त्रक्रियाच हवी का? माझ्या काकांचा खांदा पन्नाशीत एकदा निखळला, तीन आठवडे झोळीत ठेवला, व्यायाम केले आणि नंतर वीस वर्षे काहीही झाले नाही. धागाकर्त्यांनी आधी सहा महिने नेटाने व्यायाम करून पाहावा असे वाटते.

हळूहळू

मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि व्यायामाची बाजू मांडणे हे खरे तर माझेच काम, तरीही इथे विनाकारण यांच्याशी असहमत आहे. काकांचे उदाहरण खरे आहे, पण ते पन्नाशीचे आहे. पहिल्यांदा निखळताना वय किती होते, यावर पुढचे बरेच काही अवलंबून असते. विशीच्या आतल्या, खेळणाऱ्या मुलांमध्ये निम्म्याहून अधिक जणांचा खांदा पुन्हा निखळतो. चाळिशीनंतर हे प्रमाण खूप कमी होते. म्हणूनच अंगाला अंग भिडणारे खेळ खेळणाऱ्या तरुणांना पहिल्याच खेपेनंतर शस्त्रक्रिया सुचवणारे डॉक्टर आता बरेच आहेत.

व्यायामाने स्नायू बळकट होतात, गोळा खोबणीच्या मध्यावर धरून ठेवण्याची त्यांची सवय सुधारते. मात्र उपटलेला काठ व्यायामाने जागेवर चिकटत नाही आणि झिजलेले हाड भरून येत नाही. झोपेत निखळणारा खांदा हे तर मोठे लक्षण आहे. झोपेत स्नायू सैल असतात, म्हणजे त्या वेळी केवळ हाड आणि अस्थिबंध यांच्या भरवशावर सांधा उभा असतो, आणि तिथेच तो ढासळला.

एक गट मात्र खरोखर आमचाच आहे. काही जणांचा सांधा इजेशिवाय, स्नायूंच्या चुकीच्या ओढीमुळे सरकतो. काहींना तो इच्छेनुसार सरकवताही येतो, आणि शाळेत मित्रांना दाखवून झालेले असते. अशांना शस्त्रक्रियेचा फायदा सहसा होत नाही. तिथे महिनोन्‌महिने शिकवणे हाच उपाय.

दोनदाटाके

धागाकर्त्यांची कहाणी वाचून माझीच आठवली. माझा खांदा पाच वेळा निखळल्यावर दुर्बिणीतून टाके घातले. तीन छोटी छिद्रे, खोबणीच्या कडेत टाके धरून ठेवणारे तीन अँकर, दुसऱ्या दिवशी घरी. शस्त्रक्रियेआधी सीटी स्कॅन झाला नव्हता आणि करायला हवा हे मलाही ठाऊक नव्हते. सात महिने सगळे उत्तम होते. आठव्या महिन्यात उंच फळीवरून खोके उतरवताना तीच जुनी जाणीव झाली: आधी खांद्यात काहीतरी ओले ओले सरकल्यासारखे वाटते, मग एक बधिर करणारी कळ, आणि आरशात पाहिले तर खांद्याची गोलाई जाऊन तिथे काटकोनी कंगोरा दिसतो.

दुसऱ्या रुग्णालयात सीटी स्कॅन झाला तेव्हा संगणकावर दंडाचा गोळा पुसून फक्त खोबण दाखवली. निरोगी खोबण समोरून नासपतीसारखी दिसते, वर निमुळती आणि खाली रुंद. माझी नासपती उलटी झाली होती. खालची पुढची बाजू सरळ उभी कापल्यासारखी. ते चित्र पाहिल्यावर पहिले टाके का टिकले नाहीत हे कुणी सांगावे लागले नाही. त्यानंतर लॅटार्जे झाली. आज चार वर्षे झाली, एकदाही निखळलेला नाही. हात बाहेरच्या बाजूला वळवताना डाव्यापेक्षा थोडा कमी वळतो, एवढाच फरक.

पहिल्या डॉक्टरांवर माझा राग नाही. पण मोजमाप न करता कापड फाडले गेले, ही खंत आहे.

सांधेजोड

दोनदाटाके यांनी सांगितलेली उलटी नासपती ही केवळ उपमा नाही. ती संज्ञा म्हणून वापरली जाते. बर्कहार्ट आणि डी बीअर यांनी २००० साली दुर्बिणीतून केलेल्या १९४ बँकार्ट शस्त्रक्रियांचा आढावा प्रसिद्ध केला. हाडाची मोठी हानी नसलेल्यांमध्ये खांदा पुन्हा अस्थिर होण्याचे प्रमाण ४ टक्के होते; हाडाची मोठी हानी असलेल्यांमध्ये ते ६७ टक्के होते. तंत्र तेच, फरक फक्त हाडाचा. तोवर दुर्बीण की उघडी शस्त्रक्रिया असा वाद चालत असे. त्यानंतर हाड किती उरले आहे हा प्रश्न पुढे आला, आणि माझ्या मते तो योग्यच पुढे आला.

किती झीज म्हणजे जास्त? पूर्वी २० ते २५ टक्क्यांची सीमा सांगत. २०१५ मध्ये सैनिकांवर झालेल्या एका अभ्यासात १३.५ टक्क्यांपुढे झीज असलेल्या रुग्णांचा खांदा टाक्यांनंतर निखळला नाही तरीही ते समाधानी नव्हते असे दिसले, त्यामुळे ही सीमा आता खाली सरकली आहे. मधल्या पट्ट्यात, म्हणजे साधारण तेरा ते वीस टक्क्यांत, निर्णय खेळ, वय आणि गोळ्यावरची खोक पाहून होतो, आणि तिथे दोन चांगल्या डॉक्टरांची मते प्रामाणिकपणे वेगळी असू शकतात.

खोकेचे गणितही सोपे आहे. हात वर आणि बाहेर नेताना खोबण गोळ्याच्या मागच्या भागावरून एक पट्टा आखत जाते. खोक त्या पट्ट्याच्या आत राहिली तर ती खोबणीच्या कडेत अडकत नाही. पट्ट्याबाहेर गेली तर खिळीसारखी कडेत अडकते आणि गोळा उलथतो. पट्ट्याची रुंदी म्हणजे निरोगी खोबणीच्या रुंदीचे ८३ टक्के, त्यातून झिजलेले मिलिमीटर वजा.

खोबणीचे हाड चांगले पण खोक मोठी, अशा वेळी दुर्बिणीतूनच मागचा स्नायुबंध आणि आवरण त्या खोकेत टाक्यांनी बसवून ती बुजवता येते. या शस्त्रक्रियेला फ्रेंच शब्दाने रॅंप्लिसाज म्हणतात, म्हणजे भरणे. खोबणीचे हाडच गेले असेल तर लॅटार्जे.

आईचीमुलगी

विषय तरुणांचा चालला आहे हे कळते, तरी विचारते. माझी आई ६८ वर्षांची आहे. पडून खांदा निखळला, तासाभरात बसवला, एक्स-रे व्यवस्थित आला. आता सहा आठवडे झाले तरी तिला हात स्वतःहून उचलता येत नाही. मी उचलून धरला तर वर जातो. वयामुळे वेळ लागतो असे सांगितले गेले. वाट पाहावी का?

सांधेजोड

कृपया आणखी वाट पाहू नका. दुसऱ्याने उचलला तर हात वर जातो आणि स्वतः उचलता येत नाही, याची दोन कारणे आधी शोधावी लागतात. चाळिशीनंतर खांदा निखळला की काठाऐवजी गोळ्याभोवतीचे रोटेटर कफ हे स्नायुबंध फाटण्याची शक्यता अधिक असते, आणि ते साध्या एक्स-रेत दिसत नाहीत. त्यासाठी सोनोग्राफी किंवा एमआरआय लागतो. दुसरे कारण म्हणजे काखेतून जाणारी अॅक्सिलरी नस ताणली जाणे. दंडाच्या वरच्या बाहेरील भागावर, जिथे गणवेशाचे बिल्ले लावतात तिथे, स्पर्श कमी जाणवतो का ते पाहा. मात्र तिथला स्पर्श ठीक असला तरी नसेला इजा झालेली असू शकते, म्हणून तपासणी टाळू नका. नसेची इजा बहुधा काही महिन्यांत आपली आपण भरून येते. फाटलेले स्नायुबंध मात्र उशीर केल्यास आक्रसतात, स्नायूंत चरबी साठते आणि मग ते ओढून शिवणे अवघड होते. तसे झालेच तर उलटा कृत्रिम सांधा हा पर्याय उरतो, ज्यात चेंडू खोबणीच्या जागी आणि वाटी दंडाच्या जागी बसवतात. पण त्याआधी दुरुस्तीची संधी घालवू नये.

निळीशाई

माझ्या भावाचा खांदा अपस्माराच्या झटक्यात मागच्या बाजूला निखळला होता आणि पहिल्या एक्स-रेत तो कुणाच्याच लक्षात आला नाही. महिनाभर तो अवघडलेला खांदा म्हणून शेक घेत राहिला. हात बाहेरच्या दिशेला अजिबात वळत नव्हता, ही एकच खूण होती. काखेतून घेतलेल्या एक्स-रेत ते उघड झाले. अपस्मार किंवा विजेचा धक्का यानंतर खांदा दुखत असेल तर हे मुद्दाम विचारावे, म्हणून लिहिले.

सांधेजोड

महत्त्वाची भर. अशा जुन्या, अडकलेल्या सांध्याला दोन-तीन आठवडे उलटून गेल्यावर ओढून बसवण्याचा प्रयत्न करू नये. हाड मोडण्याचा आणि रक्तवाहिनी फाटण्याचा धोका असतो, तो उघडूनच बसवावा लागतो. शिवाय झटके आटोक्यात आल्याशिवाय अस्थिरतेची कोणतीही शस्त्रक्रिया टिकत नाही, कारण झटक्यातील स्नायूंच्या जोरापुढे स्क्रूसुद्धा वाकतात.

नऊवेळा

सीटी स्कॅन झाला. सांधेजोड यांनी दिलेले गणित घेऊन दुसऱ्या डॉक्टरांसमोर बसलो आणि त्यांनी पडद्यावर ते करून दाखवले. खोबणीच्या खालच्या भागावर एक वर्तुळ काढले. त्याचा व्यास २७ मिलिमीटर भरला. पुढच्या बाजूला वर्तुळात ६ मिलिमीटर जागा रिकामी होती. म्हणजे झीज सुमारे २२ टक्के. मग २७ चे ८३ टक्के साधारण २२.४, त्यातून ६ वजा केले की पट्टा उरतो १६.४ मिलिमीटर. माझी खोक १९ मिलिमीटरपर्यंत पोचलेली. पट्ट्याबाहेर.

दोन मतांचे कोडेही उलगडले. पहिल्या डॉक्टरांना मी दाखवलेला एमआरआय तीन वर्षांपूर्वीचा होता, चौथ्या खेपेनंतरचा. त्यात काठ उपटलेला दिसतो, पण हाडाची झीज नगण्य आहे. मधल्या पाच खेपा त्या चित्रात नव्हत्याच, आणि त्या मी मोजूनही सांगितल्या नव्हत्या. 'अधूनमधून निखळतो' एवढेच म्हणालो होतो. हे त्यांना फोनवर सांगितले तेव्हा तेही लॅटार्जेच करा असे म्हणाले. घरी बसवता येतो म्हणून ज्या पाच खेपा आम्ही सोप्या समजलो, त्यांनीच बहुधा हाड खाल्ले.

शस्त्रक्रिया ठरली आहे. नेमके काय करतात आणि धोके कोणते, ते समजावून सांगाल का?

सांधेजोड

खांद्याच्या पुढच्या बाजूला कोरॅकॉइड नावाचा चोचीसारखा हाडाचा उंचवटा असतो. तिथून दोन स्नायूंचा एकत्र बंध निघून दंडात खाली जातो. ल्याँ शहरातील मिशेल लॅटार्जे यांनी १९५४ मध्ये या चोचीचा तुकडा खोबणीच्या झिजलेल्या कडेला बसवण्याची कल्पना मांडली. साधारण दोन ते अडीच सेंटिमीटरचा तुकडा त्याच्या स्नायूंसकट कापून घेतात, सांध्यापुढच्या सबस्कॅप्युलॅरिस स्नायूचे तंतू न तोडता आडवे विलग करून त्या फटीतून तो आत नेतात आणि सहसा दोन स्क्रूंनी कडेला घट्ट करतात. हाडाची रुंदी वाढते. शिवाय हात वर-बाहेर नेला की तुकड्याबरोबर आलेला स्नायूंचा बंध गोळ्यापुढे दोरीसारखा ताणला जातो आणि त्याला अडवतो. मला या शस्त्रक्रियेतले हेच सर्वांत सुंदर वाटते: ज्या स्थितीत धोका, त्याच स्थितीत दोरी आवळते.

सगळे कौशल्य तुकडा कुठे बसतो यात आहे. तो खोबणीच्या पृष्ठभागाशी अगदी समतल हवा. बाहेर डोकावला तर गोळा त्यावर घासून पुढे संधिवात होतो. आत राहिला तर उपयोग नाही. दंडाला जाणारी एक नस त्या स्नायूंच्या बंधात चोचीपासून काही सेंटिमीटरवरच शिरते आणि काखेतली नसही जवळ असते, म्हणून नसा ताणल्या जाण्याचा धोका टाक्यांच्या शस्त्रक्रियेपेक्षा जास्त आहे; तो बहुधा तात्पुरता असतो. तुकडा न जुळणे, झिजून जाणे, स्क्रू टोचणे, जंतुसंसर्ग हे इतर धोके. अशा शस्त्रक्रिया किती वेळा केल्या आहेत, हे आपल्या डॉक्टरांना विचारायला संकोच करू नका.

मानेजवळ बधिरतेचे इंजेक्शन देतील. त्याने त्या बाजूचा श्वासपटलही काही तास सुस्तावतो आणि श्वास अपुरा वाटू शकतो. आधी माहीत असले की घाबरायला होत नाही.

हळूहळू

नंतरचे माझ्याकडून. हात साधारण तीन ते सहा आठवडे झोळीत राहील, पण बोटे, मनगट आणि कोपर पहिल्या दिवसापासून हलवायचे. लॅटार्जेत एक नियम लोक हमखास मोडतात: कोपरात हात वाकवून वजन उचलणे सहा आठवडे बंद. बसवलेल्या तुकड्याला जोडलेला स्नायू तेव्हा खाली ओढतो आणि हाड जुळायच्या आत तो ढिला होऊ शकतो. भरलेले भांडेसुद्धा नाही. हात बाहेरच्या दिशेला जबरदस्तीने वळवायचा नाही. ते आम्ही हळूहळू वाढवतो. व्हॉलीबॉलचे नाव सीटी स्कॅनमध्ये हाड जुळलेले दिसल्यावर, साधारणपणे चार ते सहा महिन्यांनी.

दोनदाटाके

एक घरगुती गोष्ट, जी मला कुणी आधी सांगितली नाही. पुढून बटणे असलेले, ढगळ सदरे काढून ठेवा. घालताना शस्त्रक्रियेचा हात आधी बाहीत, काढताना तोच शेवटी. काखेत घाम साचून कातडी ओलसर राहते, म्हणून पुढे वाकून हात लोंबता सोडायचा आणि मग काख पुसायची. डॉक्टरांनी लोंबते व्यायाम सुरू करायला परवानगी दिल्यावरच. आणि शस्त्रक्रियेच्या आधीचा आठवडा दात घासणे, सही करणे, दार उघडणे सगळे डाव्या हाताने करून पाहा. माझी डाव्या हाताची सही बँकेने तीन वेळा परत पाठवली होती.

नऊवेळा

कालपासून सुरुवात केली आहे. हा प्रतिसाद डाव्या हाताने टंकला आहे. पाऊण तास लागला.